पुसणं

सकाळी साडेसहाला शाळा माझ्या एकट्याची असते.
बॉयलर खोकतो, नळ गळतात,
कॉरिडॉरभर कालच्या ओल्या कोटांचा वास.
झाडू हातात घेण्याआधी मी मुलींच्या स्वच्छतागृहात जातो
तिसरं दार बघायला.

शाळा उघडल्यापासून तो शब्द तिथे उगवतोय.
कधी मार्करने, कधी कर्कटकाच्या टोकाने.
इथे लिहीत नाही.
एवढासाच आहे,
पत्र्यावर नखाने टिचकी मारावी तसा वाजतो,
आणि पर्थशायरच्या या खोऱ्यात कुणालाही
तो कुणासाठी ते सांगावं लागत नाही.
एरिख्त नदीच्या काठी ज्यांच्या गाड्या येऊन थांबतात,
ज्यांच्या घरांना चाकं आहेत, त्यांच्यासाठी.

माझ्याकडे स्पिरिट आहे, तारेचा घासा आहे,
निळ्या रंगाचा अर्धा डबा.
आठची बस येईतो दार कोरं करकरीत.
एकवीस वर्षं हीच माझी मिरास:
मर्डोच्या शाळेत भिंतीवर काही टिकत नाही.

गेल्या मंगळवारी ती साडेसातलाच आली.
बेथिया टाउन्सली, बारा वर्षांची,
बुटांना मळ्यातला चिखल, वेणी घट्ट,
दप्तराचा एक पट्टा तुटलेला. (तोडलेला.)
दारातूनच म्हणाली,
"पुसू नका."

अगं पोरी, तुझ्यासाठीच तर पुसतोय.

"तुम्ही पुसता. मग मी सांगायला जाते.
बाई येतात, दार बघतात.
दार स्वच्छ असतं.
मग त्या माझ्याकडे बघतात."

चिंधीतलं स्पिरिट मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं,
गार.

ऑफिसात एक फॉर्म असतो,
कपाटाची बिजागरी बसवताना पाहिलाय.
कशावरून त्रास दिला: रंग, धर्म, अपंगत्व,
पुढे आणखी काही चौकटी.
वर्षभर साऱ्या कोऱ्या.
तपासणीचा साहेब खूश होऊन गेला होता.
तो कोरेपणा माझ्या हातचा.

नऊ वर्षांचा होतो मी, रास्पबेरीच्या मळ्यात,
शेजारच्या ओळीत त्यांचा एक मुलगा वेचायला.
बोटं माझ्याइतकीच लाल.
त्याच्या बादलीत मी खडे टाकले
आणि हाच शब्द ओरडलो.
माझा बाप हसला.
त्या पोराचं नाव मी कधी पुसलं नाही.
इतकी वर्षं नुसतं पुसत आलो,
कुणाला काही पुसलं म्हणून नाही.

मग "फरशी ओली आहे" ही पिवळी पाटी
मी कोरड्या फरशीवर आडवी लावली
आणि किनेअर्ड बाईंना बोलावून आणलं.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं.
ओठ हलले, आवाज आला नाही.
"हे कधीपासून?"

रंग काढला की वहीत सही लागते.
तारीख, किती रंग, कुठल्या दाराला.
मी वही उघडून दिली.
अकरा सह्या,
सगळ्या माझ्या.

पुढे काय, तर फॉर्म भरले, पालक आले.
एक आई म्हणाली, जुनाच तर शब्द आहे, आमची आजीही म्हणायची.
दुसरीने रंगाचे पैसे देऊ केले.
जेवणाच्या रांगेत बेथियाच्या मागे
अजूनही हातभर जागा मोकळी राहते.
आता किनेअर्ड बाई रोज त्या जागेत
ताट घेऊन उभ्या राहतात.
मुलांना ते विचित्र वाटतं. वाटू दे.

शुक्रवारी ती येऊन म्हणाली, "आता पुसा."
आणि गणिताच्या तासाला पळाली.

मार्कर गेला. कर्कटकाचं गेलं नाही.
रंगाचे दोन हात देऊनही
तिरप्या उन्हात, साडेसहाच्या सुमारास,
ते वाचता येतं. मला तर येतंच.
वहीत मी बारावी सही केली
आणि शेरा लिहिला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा:
खाली काय होतं ते.

दप्तराच्या पट्ट्याला जाड दोरा हवा.
तिला पुसलं पाहिजे, कुठला रंग चालेल.